फ्लाय अ‍ॅश, मातीच्या विटा आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

प्रश्न : मी चंद्रपूरला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लाय अ‍ॅश जिओपॉलिमर वापरून मातीच्या विटा करण्याचा प्रोजेक्ट घ्यायचा विचार आहे. यात पुढे करिअर होईल का?

उत्तर : विषय जरूर घे. जिओपॉलिमर म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख (फ्लाय अ‍ॅश) अल्कलीच्या, म्हणजे तीव्र क्षारीय द्रावणाने घट्ट करून मिळणारा, सिमेंटसारखा बांधणारा पदार्थ. राख तुझ्या गावात मुबलक आहे, खरी अडचण मातीची. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी आणि अल्कली दोन्ही शोषून घेतं. माती फुगते आणि वाळताना वीट तडकते. म्हणून मुरमाड किंवा लाल माती बघ. काळीच वापरायची असेल तर वाळू मिसळून चिकणमाती १५ टक्क्यांच्या आसपास आण. हायड्रोमीटर (कणांचा आकार) आणि अ‍ॅटरबर्ग (ओलाव्यानुसार मातीचं वागणं) चाचण्यांआधी मिश्रणाला हात लावू नकोस.

राख वीज केंद्रातल्या ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र) हॉपरमधली, कोरडी घे. राख साठवण्याच्या तळ्यातली राख जाडसर असते, प्रतिक्रिया मंदावते. सुरुवात वजनाने ८० भाग माती, २० भाग राख अशी कर. राख घट्ट करणाऱ्या ८ मोलर (तीव्रतेचं माप) द्रावणासाठी ३२० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून एकूण १ लिटर करायचं. सोडियम हायड्रॉक्साइडचे फ्लेक्स पाण्यात टाकायचे, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, गॉगल हवेतच. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. द्रावण खूप तापतं, ते आदल्या दिवशीच करून ठेव.

माती, राख आणि द्रावण कालवून साच्यात दाबलेली वीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ६० अंशांवर २४ तास ठेव. उघडी वाळवलीस तर ओलावा आधीच उडतो, प्रतिक्रिया अर्धवट राहते आणि उरलेल्या अल्कलीमुळे विटेवर लोणा (पांढरा क्षार) येतो. ताकद २४ तास पाण्यात बुडवून मोज. कोरड्या विटेचा आकडा फसवा असतो. त्याच मातीची ७ टक्के सिमेंटची वीटही सोबत कर. सगळ्यात जास्त खर्च द्रावणाचा, त्यामुळे ही तुलना नसेल तर प्रोजेक्टला अर्थ नाही. सिमेंटची वीट सरस ठरली तर तेही तसंच लिही.

नोकरीचं म्हणशील, तर फक्त जिओपॉलिमरच्या जागा फारच थोड्या. पण मटेरियल टेस्टिंग, मिक्स डिझाइन आणि प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतलेल्या काँक्रीट वस्तूंच्या) कारखान्यातलं क्वालिटी कंट्रोल यांत हीच कौशल्यं लागतात. अल्कली अ‍ॅक्टिव्हेटेड काँक्रीटच्या (जिओपॉलिमर त्यातलाच प्रकार) प्रीकास्ट वस्तूंसाठी आयएस १७४५२ : २०२० हे भारतीय मानक आहे, ते वाचून काढ. संशोधनाची ओढ असेल तर गेट देऊन एम.टेक. कर, मातीच्या बांधकामावर बंगळुरूच्या आयआयएससीत जुनं, भक्कम काम आहे. हाताने काम शिकायचं असेल तर ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटचे छोटे अभ्यासक्रम बघ.

गाइडला भेटण्याआधी दोन वेगवेगळ्या ठिकाणची पाच-पाच किलो माती वाळवून, नावं लिहून ठेव.