वाचकांचे प्रश्न : पेनल्टी हा नशिबाचा खेळ आहे का?

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातून खेळते. सरावात तिची पेनल्टी सहसा चुकत नाही. मात्र यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या शूटआउटमध्ये (बरोबरीतील सामन्याचा निकाल लावण्यासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींत) तिने मारलेला चेंडू थेट समोरच्या गोलरक्षक मुलीच्या हातात गेला. ‘पेनल्टी म्हणजे निव्वळ नशीब’ असे म्हणून सर्वांनी तिची समजूत घातली. हे खरे मानावे का?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : मानू नये. या समजुतीमागे माया असली, तरी तिच्यामुळे सरावाची वाटच बंद होते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो आणि गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास तेथे पोहोचतो. त्यामुळे गोलरक्षकाला पाय चेंडूला लागण्याच्या सुमारासच, मारणाऱ्याच्या टेकवलेल्या पायावरून आणि कंबरेच्या कलावरून, अंदाज बांधून झेप घ्यावी लागते. कोपऱ्यात नीट मारलेला चेंडू अडवणे जवळजवळ अशक्य असते.

मग चेंडू हातात का जातो? इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात मार्क विल्सन आणि ग्रेग वुड यांनी खेळाडूंच्या नजरेचा मागोवा घेतला, तेव्हा असे दिसले की मनावर ताण आला की नजर गोलरक्षकाकडे लवकर वळते, तेथेच अधिक वेळ खिळते आणि चेंडूही त्याच्या आवाक्यात पडू लागतो. नॉर्वेचे संशोधक गाइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील शूटआउट तपासून दाखवले, की पंचांची शिट्टी होताच घाईने धाव घेणारे खेळाडू अधिक वेळा चुकतात. ही घाई म्हणजे नको असलेला क्षण लवकर संपवण्याची धडपड असते. २०१८ च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडच्या संघाने शूटआउटची पद्धतशीर तयारी केली आणि मॉस्कोमध्ये कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातील आपले पहिले शूटआउट जिंकले.

तंत्राचे म्हणाल, तर गोलरक्षकाची हालचाल पाहून ऐनवेळी दिशा ठरवणारेही यशस्वी खेळाडू आहेत. पण त्यासाठी धाव मंदावूनही फटका अचूक मारता यावा लागतो, आणि गोलरक्षक हललाच नाही तर मारणाऱ्याचीच पंचाईत होते. तुमच्या मुलीने दिशा आधी ठरवावी, त्या जागेकडे एकदा स्थिर नजरेने पाहावे आणि नंतर निर्णय बदलू नये. धावताना हुलकावणी देणे नियमात बसते; धाव पूर्ण झाल्यावर दिल्यास पिवळे कार्ड मिळते.

खरा बदल सरावात हवा. एका जागी उभे राहून ओळीने दहा फटके मारल्याने पाय तयार होतो, मन होत नाही, कारण शूटआउटमध्ये बहुधा एकच संधी मिळते आणि तिच्याआधी मध्यवर्तुळापासून ठिपक्यापर्यंत सुमारे चाळीस मीटर एकटीने चालत जावे लागते. म्हणून सराव संपताना, पाय थकलेले असताना, मैत्रिणींना मध्यवर्तुळात उभे करून तिने ते अंतर चालावे, चेंडू स्वतःच्या हाताने ठेवावा, शिट्टीनंतर एक संथ श्वास घ्यावा आणि एकच फटका मारावा. तो हुकला तरी त्या दिवशी दुसरा मारू नये. शिवाय आपण कितव्या क्रमांकावर मारणार, हे तिने प्रशिक्षकांकडून सामन्याच्या आधीच ठरवून घ्यावे.