मुलाची थकलेली पोटगी मागे जाऊन वसूल करता येते का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजते: २०१९ मध्ये कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झाला, संमतीच्या अटींत मुलासाठी दरमहा ८,००० रुपये ठरले, परंतु गेली साडेचार वर्षे त्याचे वडील ५,००० रुपयेच पाठवत आहेत, आणि मधल्या काळात त्यांचा पगारही बराच वाढला आहे, तर मागचे पैसे मिळतील का, आणि किती मागचे? मी वकील नाही. मुलीच्या पोटगीसाठी काही वर्षे न्यायालयाच्या तारखा केल्या, त्यातून जे शिकले आणि पुढे वाचून पडताळले, तेच लिहिते आहे.

'मागची पोटगी' म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या रकमा एका पिशवीत घालतो. पहिली रक्कम म्हणजे ठरलेले ८,००० आणि आलेले ५,००० यांतला फरक. महिना ३,००० प्रमाणे ५४ महिन्यांचे १,६२,००० रुपये. ही थकबाकी आहे, कोणाच्या मर्जीची बाब नाही. दुसरी रक्कम म्हणजे पगार वाढल्यामुळे तुमच्या मते जी पोटगी १२,००० किंवा १५,००० व्हायला हवी होती, तिच्यातला फरक. ती, न्यायालयाने वाढ मंजूर करीपर्यंत, कायद्याच्या दृष्टीने देणेच नाही, आणि मागच्या वर्षांसाठी ती मिळण्याची आशा धरू नये. पहिलीसाठी वसुली, दुसरीसाठी वाढीचा अर्ज, असे दोन वेगळे रस्ते आहेत.

वसुली किती मागे जाऊ शकते, हे ८,००० हा आकडा कोणत्या कागदावर आहे यावर ठरते. म्हणून आधी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची साक्षांकित प्रत काढा आणि संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग केल्या आहेत का, ते वाचा. तसे असेल, तर तुमची स्थिती बरीच भक्कम आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे १२ वर्षे मिळतात, आणि दरमहा द्यायच्या रकमेच्या बाबतीत ती मुदत प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे साडेचार वर्षांचा सगळा फरक तुमच्या दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी करायच्या अर्जात) मागता येईल. आकडा न्यायालयाच्या आदेशात नसून केवळ आपसांतल्या करारनाम्यात असेल, तर मात्र थकलेल्या रकमेचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि हाती ३६ महिन्यांचे १,०८,००० रुपयेच राहतात.

तिसरी शक्यता माझ्या वाट्याला आली होती. माझ्या मुलीची पोटगी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मंजूर झाली होती (१ जुलै २०२४ पासून त्याच तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहेत). त्या कलमाखाली वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मला हे ठाऊक नव्हते. दर महिन्याला अडीच हजार कमी येत होते, आणि 'निदान काहीतरी येते आहे, कशाला वाद' असे म्हणत मी वीस महिने काढले. अर्ज केला तेव्हा वॉरंट शेवटच्या बारा महिन्यांचेच निघाले. आधीच्या आठ महिन्यांचे २०,००० रुपये देणे म्हणून संपले नव्हते. एक वर्षाच्या अटीमुळे मूळ हक्क नाहीसा होत नाही आणि इतर मार्गांनी वसुली करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या प्रकरणात म्हटले आहे. पण तेवढ्या रकमेसाठी आणखी एक प्रकरण उभे करण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. तुम्हाला मोठ्या मुदतीचा आधार असला, तरी या एका वर्षाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका, असे मी त्यासाठीच सांगते.

समोरून काय येईल, त्याची तयारी ठेवा. 'मी रोख दिले', 'सायकल घेतली', 'सहलीचे पैसे मी भरले', आणि सर्वांत हमखास म्हणजे 'ती इतकी वर्षे ५,००० घेत होती, म्हणजे तिला मान्य होते'. या शेवटच्या युक्तिवादाला फार घाबरू नये, कारण पोटगीचा हक्क मुलाचा आहे. आई गप्प राहिली, किंवा 'भविष्यात काहीही मागणार नाही' असे तिने लिहून दिले, म्हणून मुलाचा हक्क सोडून दिला असे न्यायालये सहसा मानत नाहीत. भेटवस्तूंनीही ठरलेली पोटगी फिटत नाही. मात्र रोखीचा वाद खरोखर त्रासदायक असतो. बँकेच्या खातेउताऱ्यावरून महिनावार तक्ता करा: देय रक्कम, आलेली रक्कम, आल्याची तारीख, बाकी. मोबाइलवरचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकिलांना आधीच विचारा. माझ्या बाबतीत लांबलचक निवेदनापेक्षा हा एक पानी तक्ताच न्यायाधीशांनी हातात धरून वाचला.

वसुलीचे साधन निवडताना तुरुंगापेक्षा पगाराकडे पाहावे, असे माझे मत आहे. कलम १४४ खाली न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे; पण नोकरी गमावलेल्या माणसाकडून पुढची पोटगी कशी येणार? उलट दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत पगारावर जप्ती आणता येते, आणि पोटगीच्या हुकूमनाम्याच्या बाबतीत पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांपेक्षा ही तरतूद बरीच कडक आहे आणि थकवणाऱ्यांना तिची कल्पना क्वचितच असते.

आता वाढीविषयी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात मुलाच्या पोटगीत बदल मागता येतो. रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात (ते मूळचे नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातले) सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र दाखल करावे. त्यामुळे त्यांचा खरा पगार शपथेवर कागदावर येईल. अर्थात तुमचाही येईल, आणि तुमची मिळकत चांगली असेल तर शिक्षणाचा खर्च प्रमाणात वाटला जाऊ शकतो. तारखेचे गणित मात्र निर्दय आहे: अर्ज जूनऐवजी सप्टेंबरमध्ये केला, तर वाढीचे तीन महिने गेले. समझोत्याची बोलणी चालू असतील तरी चालू द्या, पण अर्ज त्यांच्यासाठी थांबवू नका. मुलगा अठरा वर्षांचा व्हायला आला असेल, तर याहूनही घाई करा.

खर्चाची भीती असेल तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा लागतो.

पैसे येत नाहीत म्हणून मुलाच्या वडिलांशी होणाऱ्या भेटी बंद करण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. तसे करू नका. भेटी आणि पोटगी हे न्यायालयाच्या लेखी वेगळे विषय आहेत, आणि भेटी थांबवल्या की पुढच्या तारखेला थकबाकीचा तक्ता बाजूला राहतो आणि उत्तरे तुम्हालाच द्यावी लागतात.