सेक्टर फंड विकायचा कधी, हे घेतानाच ठरवा

प्रश्न : आयटी, फार्मा, बँकिंग आणि ऑटो अशा चार सेक्टर फंडांत (एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडांत) माझे सहा लाख आहेत. घेताना काही वाटत नाही, विकताना मात्र हात धजत नाही. नियम काय ठेवू? (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

बाई, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. हे आकडे पाऊस सुरू झाल्यावर कुणी ठरवत नाही. फंडालाही अशाच दोन पातळ्या आधी ठरवून द्या.

एक वही करा. प्रत्येक सेक्टरच्या निर्देशांकाचा महिनाअखेरचा आकडा लिहा. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. शेवटच्या दहा महिन्यांची बेरीज करून दहाने भागा. समजा, सरासरी 36,400 आली आणि या महिनाअखेरीस निर्देशांक 35,900 आहे. हा इशारा : त्या फंडात नवा पैसा थांबवा. पुढच्या महिनाअखेरीसही तो सरासरीच्या खालीच राहिला, तर धोका : फंड विका. परत वर आला की पुन्हा घेता येतो. तोवर पैसे लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या कमी जोखमीच्या फंडात ठेवा.

कोणता फंड घ्यायचा, यासाठी आठ सेक्टर निवडून सहा महिन्यांच्या परताव्याप्रमाणे क्रम लावा. पहिल्या तिघांत आला तर घ्या, पाचव्याच्याही खाली घसरला तर काढा. मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. तिसऱ्याचा चौथा झाला म्हणून दर महिन्याला विकत बसलात, तर एक्झिट लोड (लवकर विकल्याबद्दल फंड कापून घेतो ती रक्कम) आणि करातच नफा जाईल.

बाजार आडवा चालला की हा नियम चुकतो. विकलेला फंड महिन्याभरात वर जाईल आणि जीव हळहळेल. तरीही नियम मोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : ऑटो फंड 25 टक्के खाली आहे. आणखी घेऊन सरासरी किंमत खाली आणू का? (फाउंड्री व्यावसायिक, शिरोली एमआयडीसी)

नको. तुमचं कास्टिंग वाहन कंपन्यांना जातं. मागणी घटली की ऑर्डरही कमी होतात आणि फंडही पडतो. एकाच वेळी दोन्हीकडून फटका. शिवाय पडलेला सेक्टर लवकर उठेलच असं नाही. जानेवारी 2008 मध्ये इन्फ्रा (पायाभूत सुविधा) फंडांवर लोकांच्या उड्या पडत होत्या. निफ्टी इन्फ्रा निर्देशांकाला ती पातळी पुन्हा गाठायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. त्या काळात ‘सरासरी’ करत राहिलेल्यांचा पैसा वर्षानुवर्षं अडकून पडला. वर सांगितलेली दहा महिन्यांची सरासरी ऑटोला लावा आणि ती सांगेल तसं करा.

प्रश्न : दोन लाखांचे आठ महिन्यांत 2 लाख 40 हजार झाले. नियमाप्रमाणे विकायची वेळ आलीय. कर वाचवायला वर्ष पूर्ण होऊ देऊ का? (संगणक अभियंता, शाहूपुरी)

हिशेब मांडू. वर्षाच्या आत विकलं तर 40,000 नफ्यावर 20 टक्के कर आणि त्यावर सेस (करावरचा अधिभार) धरून 8,320 रुपये. वर्षानंतर विकलं तर वर्षभरातला सगळा दीर्घकालीन नफा मिळून सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. म्हणजे थांबून तुमचे फार तर 8,320 वाचतील. ते आजच्या रकमेच्या साडेतीन टक्के. चार महिन्यांत सेक्टर फंड तेवढा सहज पडतो. वर्ष पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस उरले असते तर थांबा म्हटलं असतं. चार महिने थांबणं मला पटत नाही. विका.

एसआयपीने (दरमहा ठरावीक हप्त्याने) घेतलं असेल तर प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं, आणि आधी घेतलेली युनिट्स आधी विकली जातात. एकाच कंपनीच्या दुसऱ्या फंडात ‘स्विच’ केलं तरी ती विक्रीच. करातून सुटका नाही.

प्रश्न : एकूण पैशांपैकी किती भाग सेक्टर फंडांत असावा? (गृहिणी, कसबा बावडा)

शेअर बाजारातल्या पैशाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. अशा फंडाला किमान 80 टक्के रक्कम त्याच क्षेत्रात ठेवावी लागते, त्यामुळे तिथं पडझड झाली तरी फंड मॅनेजरला बाहेर पडता येत नाही. बाकीचा पैसा निर्देशांक फंडात किंवा फ्लेक्सी कॅपमध्ये (लहान-मोठ्या कोणत्याही कंपन्यांत पैसे घालू शकणाऱ्या फंडात) ठेवा. त्याला हे नियम लावू नका.