पेट्रोलमधलं शिसं बंद होण्यामागे कोणत्या शास्त्रज्ञाचं संशोधन होतं?

एकट्याचं नाही, पण एकच नाव घ्यायचं तर अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन. गंमत म्हणजे हा माणूस प्रदूषणाच्या मागे लागलाच नव्हता. उल्केतल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून पृथ्वीचं वय काढायचं होतं. पण आकडे काही केल्या जुळेनात! नळाच्या पाण्यात शिसं, धुळीत शिसं, स्वतःच्या केसांतसुद्धा शिसं. शेवटी त्यांनी कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठात धूळ शिरणार नाही अशी प्रयोगशाळाच उभारली. 1956 साली वय छापून आलं: सुमारे 4.55 अब्ज वर्षं.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पॅटरसननी विचारलं, एवढं शिसं येतं कुठून? समुद्राच्या वरच्या पाण्यात ते खोल पाण्यापेक्षा जास्त भरलं, ग्रीनलंडच्या बर्फात जुन्या थरांपेक्षा नव्या थरांत कितीतरी जास्त. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं जायचं, त्यामुळे बोट गाड्यांच्या धुराकडे जात होतं. 1965 मध्ये त्यांनी ते जाहीर लिहिलं आणि शिसं विकणारा उद्योग अंगावर आला. हवेतल्या शिशावर सरकारला सल्ला देणाऱ्या 1971 च्या समितीत तर त्यांना घेतलंच नाही. शिशावर सगळ्यात बारीक मोजमाप करणारा माणूस बाहेर, याला काय म्हणावं?

टूना माशाचं काम मला सगळ्यात आवडतं. ताज्या माशापेक्षा डबाबंद माशात शिसं हजारो पटींनी जास्त निघालं, कारण डब्याचा सांधा शिशाच्या डाकाने जोडलेला. इतर प्रयोगशाळांना हा फरक दिसलाच नव्हता, त्यांचे नमुनेच मळलेले.

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल 1 जानेवारी 1996 पासून पूर्ण बंद झालं. पॅटरसन डिसेंबर 1995 मध्ये गेले. आपल्याकडे ते 2000 मध्ये बंद झालं.