वेगळ्या बाकावरून एका वर्गात : रोमा मुलांच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

मध्य आणि पूर्व युरोपातल्या रोमा मुलांच्या शाळांविषयी गेल्या खेपेला लिहिलं, त्यावर पुष्कळ प्रश्न आले. तो मजकूर न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. रोमा हा युरोपातला सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले. झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी, बल्गेरिया अशा देशांत त्यांची असंख्य मुलं आजही वेगळ्या शाळेत किंवा वेगळ्या तुकडीत शिकतात. आलेल्यांपैकी पाच प्रश्न आज घेते आहे.

प्रश्न : युरोपात भेदभावाविरुद्ध कडक कायदे आहेत. मग रोमा मुलांना वेगळं बसवण्याचा नियम नेमका कोणत्या देशाने केला? (विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : असा नियम आज कुठल्याच देशाच्या पुस्तकात नाही. म्हणूनच तर ही लढाई इतकी लांबली. झेक प्रजासत्ताकातलं ऑस्ट्राव्हा हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर घ्या. तिथे ‘विशेष शाळा’ होत्या. कागदोपत्री त्या सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी, म्हणजे जातीपातीचा प्रश्नच नाही. पण 1999 साली मोजदाद झाली तेव्हा दिसलं की शहरातली 50.3 टक्के रोमा मुलं या विशेष शाळांत आहेत आणि बाकीच्या मुलांचं प्रमाण 1.8 टक्के आहे. एका समाजातली निम्मी मुलं मतिमंद निघतात, यावर कुणाचा विश्वास बसेल? तिथला अभ्यासक्रम हलका होता, आणि त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला चांगल्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळणं जवळपास अशक्य होतं.

अठरा रोमा मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. देशातल्या घटनात्मक न्यायालयात तो हरला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही 2006 मध्ये आधी निकाल विरुद्ध गेला. 13 नोव्हेंबर 2007 रोजी मात्र त्याच न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. तुम्ही कायदा शिकता, म्हणून यातलं मर्म सांगते. भेदभाव करण्याचा हेतू होता, हे सिद्ध करायची गरज न्यायालयाने ठेवली नाही. वरवर सर्वांना सारखा असलेला नियम एकाच समाजावर इतका विषम पडतो, हे आकड्यांनी दाखवलं की पुरे. तो न्याय्य का, हे सांगायची जबाबदारी मग सरकारवर येते. यालाच अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात.

आणि पुढे? विशेष शाळांचं नाव निकालाआधीच, 2005 च्या कायद्याने बदललं होतं. पाटी नवी, इमारत आणि मुलं बहुतांशी तीच. बौद्धिक अक्षमतेच्या नावाखालचा हलका अभ्यासक्रम बंद होऊन नेहमीच्या शाळेतच मदत देण्याची सक्ती यायला 2016 उजाडलं. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2021 मध्ये अनेक देशांत पाहणी केली. 6 ते 15 वयाच्या रोमा मुलांपैकी 52 टक्के मुलं अशा शाळांत होती जिथे सगळे किंवा बहुतेक सोबती रोमाच. 2016 मध्ये हेच प्रमाण 44 होतं. खटला जिंकल्यानंतर चौदा वर्षांनी हा आकडा वाढलेला पाहून मला संताप येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : पण मुलांची चाचणी झाली होती आणि आईवडिलांनी संमतीची सही केली होती, असं वाचलं. मग शाळेचा दोष कसा? (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

उत्तर : सर, सही होती हे खरं. तीच सरकारची मुख्य ढाल होती. न्यायालयाने विचारलं की ती सही करताना त्या पालकांना काय माहीत होतं. ते स्वतः फारसे शिकलेले नव्हते, विशेष शाळेनंतर मुलाचं पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि दुसरा पर्याय म्हणजे जिथे आपल्या मुलाला हिणवलं जाईल अशी शाळा. अशा सहीने भेदभाव होऊ न देण्याचा हक्क सोडून देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

चाचण्यांचं तर विचारूच नका. हंगेरीतल्या न्यिरेजहाझा शहरातल्या दोन रोमा मुलग्यांचा खटला 2013 मध्ये निकाली निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार बौद्धिक अक्षमतेची सीमा बुद्ध्यांक 70 ला येते. तिथल्या तज्ज्ञ मंडळाने ती 86 वर नेऊन ठेवली होती. स्वतंत्र तपासणीत दोन्ही मुलगे सर्वसाधारण बुद्धीचे निघाले. घरची भाषा वेगळी, घरात पुस्तक नाही, बालवाडी मिळालेली नाही, अशा मुलाला सहाव्या वर्षी अनोळखी माणसासमोर बसवलं तर गुण कमी पडणारच. त्यातून मुलाची बुद्धी कळत नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. भाषा न येणारी मुलं एकदम वर्गात आली तर तीही मागे पडतात आणि बाकीचा वर्गही अडतो. आधी वेगळं बसवून भाषा पक्की केलेली बरी नाही का? (नंदुरबार)

उत्तर : तुमचा प्रश्न वर्गात उभं राहून पडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. क्रोएशियाने नेमकं हेच कारण दिलं होतं. मेजिमुर्ये भागातल्या गावांत रोमा मुलांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या, कारण म्हणे त्यांना क्रोएशियन नीट येत नाही. 2010 मध्ये स्ट्रासबर्गला हा खटला 9 विरुद्ध 8 इतक्या निसटत्या मतांनी मुलांच्या बाजूने लागला. तात्पुरतं वेगळं बसवणं प्रत्येक वेळी चूकच, असं न्यायालय म्हणालं नाही. मात्र त्या तुकड्यांत भाषा शिकवायचा खास कार्यक्रम नव्हता, भाषा आली की मुलाला कधी आणि कसं हलवायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि अशा तुकड्या फक्त रोमांसाठीच होत्या. तात्पुरती म्हणून केलेली तुकडी शाळा सुटेपर्यंत सुटली नाही. शिवाय भाषा बरोबरच्या मुलांकडून येते. ती मुलंच शेजारी नसतील तर मूल बोलणार कुणाशी?

तरीही नुसतं दार उघडून भागत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. डॅन्यूबकाठच्या बल्गेरियातल्या व्हिदिन गावात हे काम नीट झालं, म्हणून त्याचा दाखला देते. गावाच्या कडेला नोव्ह पत नावाची रोमा वस्ती आहे आणि वस्तीतच तिची शाळा होती. 2000 सालच्या शरदात ‘द्रोम’ या स्थानिक रोमा संघटनेने डोंका पानायोतोव्हा यांच्या पुढाकाराने सुमारे 300 मुलं गावातल्या नेहमीच्या शाळांत नेली. रोज बस. बसमध्ये आणि शाळेत मुलांना सांभाळायला वस्तीतलीच मोठी माणसं. मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास, गरिबांना वह्या-पुस्तकं आणि बूट. शाळा सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणी झाली. आपल्या मुलांना मारतील, चिडवतील, ही वस्तीतल्या आयांची भीती कुणी उडवून लावली नाही. बसमधली ओळखीची माणसं त्याच भीतीचं उत्तर होती. हा प्रयोग पुढे प्लेव्हेन, मॉन्टाना, स्लिव्हेन अशा गावांतही गेला. मोठा पैसा मात्र देणगीदारांचा होता, सरकारने तो आपल्या अंगावर घेतला नाही. माझी खरी तक्रार तिथे आहे.

तुमच्या वर्गात भिल्ली, पावरी बोलणारी मुलं असतील. त्यांची भाषा जाणणारं एक मोठं माणूस सोबतीला मिळालं तर काय फरक पडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : हंगेरीत रोमांसाठी बाबासाहेबांच्या नावाची शाळा आहे म्हणतात. तीही वेगळीच शाळा नव्हे का? (नागपूर)

उत्तर : होय, अशी शाळा आहे. ईशान्य हंगेरीतल्या शायोकाझा गावात 2007 मध्ये ‘जय भीम’ संघटनेने डॉ. आंबेडकर शाळा काढली. तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोघांना बाबासाहेबांच्या विचारांची आणि इथल्या आंबेडकरी बौद्ध चळवळीची ओळख झाली, त्यातून हे उभं राहिलं. त्याआधी 1994 मध्ये पेच शहरात गांधीजींच्या नावाने रोमांसाठी माध्यमिक शाळा निघाली होती, तिथे रोमांची भाषा रोमानीही शिकवली जाते.

तुमची शंका रास्त आहे. मी दोन गोष्टी पाहते. मूल तिथे स्वतःहून आलं की ढकललं गेलं? आणि तिथून वाट वर जाते की खाली? शायोकाझाच्या शाळेत येणारी मुलं बहुधा आधीच प्राथमिक शाळेने टाकून दिलेली असतात, आणि तिथे त्यांची तयारी विद्यापीठाचं दार उघडणाऱ्या शालान्त परीक्षेसाठी होते. ऑस्ट्राव्हाच्या विशेष शाळेत ते दारच बंद होत होतं. पण सहा वर्षांच्या मुलासाठी ‘आपल्या लोकांची शाळा’ हे उत्तर मला मान्य नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. तो आजच्या कितीतरी युरोपीय शिक्षणमंत्र्यांच्या पुढचा होता. आपण मात्र त्या वारशावर निवांत बसू नये. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांतून सूट दिली, आणि ती रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं.

प्रश्न : आम्ही कामानिमित्त ब्रनोला राहतो. मुलगी पहिलीत जाणार. घराजवळच्या शाळेत रोमा मुलं बरीच आहेत, म्हणून ऑफिसातले लोक दुसरीकडे घाला सांगतात. आम्हाला स्वतःलाच झेक धड येत नाही. काय करावं? (ब्रनो)

उत्तर : झेक पद्धतीत पत्त्यानुसार एक शाळा ठरलेली असते आणि ती तुमच्या मुलीला नाकारू शकत नाही. जागा असेल तर दुसरीकडेही घालता येतं. याच मुभेतून एकेक घर बाजूला होतं आणि चार-पाच वर्षांत शाळा रोमांपुरती उरते. कुणी हुकूम काढलेला नसतो.

लेकीला तत्त्वासाठी पणाला लावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त ऐकीव गोष्टीवर ठरवू नका. शाळेत जाऊन एक तास बसा. मुख्याध्यापकांना विचारा : पहिलीच्या तुकड्या कशा पाडता, रोमा मुलं सगळ्या तुकड्यांत आहेत की एकाच? वर्गात शिक्षकाला मदतनीस आहे का? गेल्या वर्षीची नववीची मुलं कुठे गेली? परदेशी मुलांना झेक शिकवण्याची तरतूद 2021 पासून आहे, ती इथे मिळेल की दुसऱ्या शाळेत जावं लागेल? एकाच तुकडीत सगळी रोमा मुलं दिसली तर ती शाळा कुणासाठीच चांगली नाही. उत्तरं समाधानकारक असली आणि बाई मुलांशी प्रेमाने बोलताना दिसल्या, तर नाव घाला. जमल्यास तुमच्या इमारतीतल्या आणखी एक-दोन घरांना त्या भेटीला सोबत न्या. एकट्याने घेतलेला निर्णय टिकवणं जड जातं. शहरात 1991 पासूनचं रोमा संस्कृतीचं संग्रहालयही आहे. मुलीला तिथे एकदा जरूर न्या, आणि शाळेचं काय ठरलं ते कळवा.