दोन्ही विषय एकत्र शिकता येतील?

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकायचंय, जमल्यास परदेशात. बाबा म्हणतात, इंजिनिअरिंग कर.
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बाळ, हा ध्यास सोडू नकोस. ऑक्सफर्डला या दोन विषयांचा मिळून ४ वर्षांचा अभ्यासक्रमच आहे. हे विषय भेटतातही: मोजण्याआधीच इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचे गुणधर्म ठरलेले असतात का, हा वाद तत्त्वज्ञानाचा वाटायचा. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या प्रमेयाने तो प्रयोगशाळेत आणला, म्हणजे प्रयोगाने तपासता येईल असा केला. २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच प्रयोगांना मिळालं! मात्र गणित कच्चं ठेवू नकोस. परदेशातला खर्च मोठा, म्हणून इथे बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला बाहेर जाणं मला जास्त पटतं. बाबांना घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जाऊन ये, प्राध्यापकांशी बोल.