अपडेट अर्धवट राहिलं म्हणजे मशिन मेलं असं नाही

तुमची पोस्ट वाचली. तुमच्या डेऊस मेटल डिटेक्टरचं सॉफ्टवेअर अपडेट मध्येच थांबलं, रिमोटला कॉईल (जमिनीलगत फिरवायची तबकडी) सापडेना, रविवारी शेतावर जायचंय, तर डेऊस दुरुस्तीला पाठवू का, असं विचारलंय. नका पाठवू. निदान आज रात्री तरी नको. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टअखेर मी ह्याच अवस्थेत होतो, वायरलेस कॉईलचंच मशिन होतं, आणि मी ते पाठवलं.

आधी नेमकं काय झालंय ते बघू. ह्या मशिनची कॉईल म्हणजे नुसतं तारेचं वेटोळं नाही. सिग्नलचा हिशोब तिच्या पोटातच होतो, तिला स्वतःची बॅटरी असते आणि रिमोट-हेडफोनशी ती रेडिओवरून बोलते. त्यामुळे एक अपडेट म्हणजे खरं तर तीन अपडेट. रिमोट पुढे गेला आणि कॉईल मागे राहिली की दोघांची ओळखच पटत नाही. कपाटात दुसरी कॉईल असेल तर तीही मोजा. इक्विनॉक्ससारख्या दुसऱ्या डिटेक्टरची कॉईल तारेनं जोडलेली असते, अपडेट फक्त वरच्या डब्याला लागतं. त्या मंडळींवर हा प्रसंग येतच नाही, म्हणून डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात त्यांना विचारलंत तर "पाठवून दे" हाच सल्ला मिळेल. मला तोच मिळाला होता.

माझ्याकडे रिमोटचं अपडेट नीट झालं. कॉईलचं चालू असताना मी जेवायला उठलो आणि लॅपटॉप स्लीपमध्ये गेला. परत येऊन बघतो तर पडद्यावर कॉईलचा पत्ता नाही. मी घाबरलो. चूक झाली ती इथे. लॅपटॉप झोपला ही किरकोळ गोष्ट होती. कॉईल पुन्हा केबलला लावून तेच अपडेट पहिल्यापासून चालवायचं, एवढंच करायला हवं होतं. मी सकाळी मशिन डब्यात घालून पार्सल केलं.

जिथे पाठवलं त्या जागेचं नाव घेत नाही. सात आठवडे. दर फोनला नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून तीच हकीगत. पावती दोनदा मागितली, दोनदा पाठवली. शेवटी मशिन आलं त्यात एका ओळीची चिठ्ठी, "सॉफ्टवेअर पुन्हा टाकले", आणि सोबत मजुरीचं बिल, कारण चूक वापरणाऱ्याची म्हणून वॉरंटी लागू नाही. पैशांचं मी सोडून दिलं. पण पहिल्याच फोनवर "घरी एकदा परत चालवून बघा" असं म्हणायला कुणाचं काय जात होतं? हे मला आजही समजत नाही.

ते सात आठवडे कुठले होते ते इथल्या माणसाला सांगायला नको, कापणी ते पेरणी, शोधायला शेत मोकळं असतं ते. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचं बार्लीचं शेत, नुकतीच कापणी झालेली, नुसती धसकटं उभी. शेतकऱ्यानं गव्हाच्या पेरणीपर्यंत परवानगी दिली होती. मशिन हातात आलं तेव्हा गहू उगवून आला होता. क्लबातल्या बाकीच्यांना तिथे हॅमर्ड, म्हणजे हातोड्यानं ठोकून पाडलेली, चांदीची नाणी मिळाली, त्यात इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री ह्याच्या लाँग क्रॉस (लांब क्रुसाच्या) पेनीचा कापलेला पाव तुकडा होता. १२४७ पासून त्या पेनीवरचा क्रॉस काठापर्यंत जातो आणि सुट्ट्या पैशांसाठी लोक त्या रेघांवरच नाणं कापत. तुकडा नखाएवढा, वजन ग्रॅमच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. खिळ्यांच्या गर्दीत असा सिग्नल कुजबुजल्यासारखा येतो. तो ओळखायला मी कान दोन वर्षं तयार केला होता.

ह्या गडबडीत माझे सेव्ह केलेले प्रोग्रॅमही पुसले गेले. रिअ‍ॅक्टिव्हिटी, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणं), टोन, ह्या सेटिंगांपैकी काहीच कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता अपडेटआधी मी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढतो.

माझं मत विचाराल तर हंगामात अपडेट करूच नये. नव्या व्हर्जननं मशिन वाईट होतं असं नाही, पण आवाज बदलतो आणि कान नव्यानं तयार करावा लागतो. जुन्या डेऊसवर व्ही ५ हे व्हर्जन आल्यानंतरही कित्येकजण आधीच्या ३.२ वरच राहिले, त्यांना मी हट्टी म्हणणार नाही. अर्थात एक्स३५ कॉईल हवी असेल तर व्ही ५ ला इलाज नाही.

आज रात्री एवढं करा. तिन्ही भाग पूर्ण चार्ज. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद. यूएसबी हब नको, मशिनसोबत आलेली केबलच वापरा, बाजारातल्या पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात. कॉईलची क्लिप लावण्याआधी तिथली धातूची टोकं कोरड्या कापडानं पुसा, वाळलेल्या चिखलानं संपर्क तुटतो. मग कॉईलचं अपडेट परत, त्यानंतर हेडफोन. मी तंत्रज्ञ नाही, अनुभव सांगतोय. कॉईलमध्ये पाणी गेलं असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर हे काहीही करू नका. आणि पाठवायची वेळ आलीच तर खर्च किती, दिवस किती, हे आधी ईमेलवर लिहून घ्या.

विषय निघालाच आहे म्हणून, तुम्ही मशिन डिसेंबरात भारतात गावी नेणार असल्याचं लिहिलंय. कृपया गडांवर नेऊ नका. संरक्षित स्मारकावर विनापरवाना खणणं गुन्हा आहे, आणि तिथल्या १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. इथे इंग्लंडातही ट्रेझर (कायद्यानं ठरलेलं गुप्तधन) ठरू शकेल अशी वस्तू मिळाली तर १४ दिवसांत कळवायचं, तेव्हा तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरचा (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याचा) नंबर फोनमध्ये असू द्या.

कॉईल केबलला लावल्यावर लॅपटॉप तिला ओळखतो का, तेवढं इथे लिहा. ओळखत असेल तर रविवार हातचा गेलेला नाही. मी अकरापर्यंत जागा आहे.